वडिलांच्या पेटीत सापडलेलं बत्तीस बोअर

विचारणा कराडजवळच्या एका गावातल्या ताईंची आहे. वडील गेल्या दिवाळीनंतर वारले. आठ महिन्यांनी माळ्यावरची लोखंडी पेटी उघडली, तर जुन्या धोतरात गुंडाळलेलं बत्तीस बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) रिव्हॉल्व्हर निघालं. सोबत चामडी कव्हर, अकरा काडतुसं आणि वडिलांच्या नावाचं परवान्याचं पुस्तक. पुस्तकातलं शेवटचं नूतनीकरण ३१ डिसेंबर २०१२ पर्यंतचं आहे. ताई पुण्यात, भाऊ नाशिकला, गावी आई एकटी. नळीवर ‘इंग्लिश’ असं काहीतरी कोरलेलं दिसतं, म्हणून भावाला वाटतं की दोन-चार लाख सहज येतील. चुलतभाऊ म्हणतो, पोलिसांच्या भानगडीत पडू नका, रात्री प्रीतिसंगमावर जाऊन नदीत सोडून द्या. आईला ते दसऱ्याला पूजेत हवंय. ताईंचा प्रश्न: हे आता कोणाचं, आणि आम्ही करायचं काय?

ताई, आधी पेटी बंद करा, कुलूप लावा आणि किल्ली एकाच माणसाकडे ठेवा. रिव्हॉल्व्हर उघडून पाहू नका, घोडा ओढून पाहू नका, ‘गोळी आहे का बघू’ म्हणून चाप दाबणं तर सोडाच. परवानाधारक शस्त्रांच्या विक्री-दुरुस्तीत माझी चाळीस वर्षं गेली. माझ्याकडे आलेल्या अशा पेटीतल्या शस्त्रांपैकी बरीच भरलेली होती. म्हातारी माणसं भरून ठेवत आणि विसरून जात. जुन्या स्वस्त रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याची चोच थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेली असते. मध्ये अडसर नसतो, असला तरी झिजलेला असतो. फरशीवर घोड्याच्या बाजूने पडलं तरी उडू शकतं. म्हणून तर जुने लोक सहा घरांपैकी घोड्याखालचं एक घर रिकामं ठेवायचे.

काडतुसं हिरवट पडली असतील, त्यांवर पन्नास वर्षांचा गंज असेल, पण ती ‘मेलेली’ समजू नका. जुनं काडतूस चाप दाबल्यावर गप्प बसतं आणि दोन सेकंदांनी उडतं, हे मी स्वतः चाचणीच्या वेळी पाहिलंय.

आता हे कोणाचं? तुम्हा सगळ्यांचा गोंधळ इथेच आहे आणि तो स्वाभाविकही आहे. घर, शेत, दागिने यांना वारस नोंद लागली की काम संपतं. शस्त्राचं तसं नाही. लोखंडाच्या त्या तुकड्याची जी काही किंमत असेल ती वारसांची, म्हणजे आईची, तुमची आणि भावाची. ते जवळ बाळगण्याचा हक्क मात्र वडिलांच्या परवान्याचा होता, आणि परवाना माणसाबरोबर जातो. वडिलांनी मृत्युपत्रात ‘रिव्हॉल्व्हर थोरल्या मुलीला’ असं लिहिलं असतं तरी त्याने तुम्हाला मालकी मिळाली असती, ताबा नाही. तुमच्या बाबतीत तर परवाना २०१२ अखेरच संपला. म्हणजे ते तेव्हाच पोलिस ठाण्यात नाहीतर परवानाधारक दुकानात जमा व्हायला हवं होतं. वडील आजारी असतील, विसरले असतील. त्याचा जाब आता कोणी विचारणार नाही. गुन्ह्याची जबाबदारी सात-बारासारखी वारसांच्या नावावर चढत नाही.

तुमच्यावर येते ती जबाबदारी पेटी उघडल्या दिवसापासूनची. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘ताबा’ म्हणजे नुसतं घरात असणं नव्हे. त्याला जाणीव लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये एका निकालात स्पष्ट केलंय. माळ्यावर काय आहे हे माहीत नव्हतं तोवर तुम्ही सुरक्षित होता. आता माहीत झालंय, तुम्ही ते लिहूनही पाठवलंय. कायद्याच्या २१ व्या कलमात शब्द आहेत ‘विनाकारण विलंब न करता’ जमा करा. दोन-चार दिवसांचं कारण सांगता येतं. ‘भाऊ सुट्टीत येईल तेव्हा बघू’ हे कारण होत नाही. विनापरवाना रिव्हॉल्व्हर सापडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षं आहे, शिवाय दंड. काडतुसांनाही परवाना लागतो, त्यामुळे ‘रिव्हॉल्व्हर दिलं, गोळ्या राहिल्या’ असंही चालत नाही.

बरेचजण म्हणतात, अहो, हे शंभर वर्षांचं अँटिक आहे, याला कसला परवाना? कायद्याच्या ४५ व्या कलमात जुन्या, कालबाह्य किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे, पण तिच्या शेपटीला अट आहे: दुरुस्ती करून किंवा न करता ते शस्त्र म्हणून वापरता येणार नाही असं असलं पाहिजे. ‘दुरुस्ती करून’ हे दोन शब्द वाचायला लोक विसरतात. तुमच्या रिव्हॉल्व्हरची स्प्रिंग तुटली असेल, पण ती मी तासाभरात बसवून दिली असती. मग ते मोडकं कसलं? भिंतीवरच्या ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. बत्तीस बोअरचं काडतूस आजही मिळतं, आपल्या खडकीच्या कारखान्याच्या ‘के एफ’ छापाची काडतुसं कित्येक घरांत आहेत. ज्याचं काडतूस दुकानात मिळतं ते कालबाह्य कसं म्हणणार?

चुलतभावाला सांगा, नदीचं नाव काढू नको. परवान्याच्या पुस्तकावर शस्त्राचा नंबर आहे आणि तोच नंबर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नोंदवहीत आहे. उद्या कोणी तपासणीला आलं आणि ‘शस्त्र कुठे?’ असं विचारलं, तर ‘नदीत’ या उत्तरावर कोण विश्वास ठेवेल? उन्हाळ्यात कृष्णेचं पाणी उतरतं तेव्हा गाळातून काय काय वर येतं, ते कराडकरांना मी सांगायला नको. माझ्याकडे एक गृहस्थ असेच विहिरीत टाकून आले होते. दोन वर्षांनी गाळ काढताना मजुराच्या घमेल्यात ते आलं, आणि मग जे सहा महिने गेले त्यांत घरातल्या प्रत्येकाचा जबाब झाला. वेळेत जमा केलं असतं तर एक अर्ज आणि एक चहा, एवढ्यावर भागलं असतं.

जमा कसं करायचं? पिशवीत घालून एसटीने कराडला जाऊ नका. बाळगायला परवाना लागतो तसा नेण्यालाही लागतो, आणि तो आज तुमच्यापैकी कोणाकडेच नाही. आईच्या नावाने साधा अर्ज लिहा: पती अमुक तारखेला वारले, घर आवरताना परवान्याचं शस्त्र सापडलं, परवाना क्रमांक अमुक, ते जमा करायचं आहे. सोबत मृत्यूच्या दाखल्याची आणि परवान्याच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स. अर्ज ज्या ठाण्याच्या हद्दीत घर आहे तिथे द्या, पोहोच घ्या आणि कर्मचारी घरी येऊन पंचनामा करून नेतील का ते विचारा. बहुतेक वेळा येतात. एकटी बाई आहे, वय झालंय, असं सांगितलं की नाही म्हणत नाहीत. ‘तुम्हीच घेऊन या’ म्हणाले, तर तसं त्या अर्जाच्या प्रतीवर लिहून मागा. शक्यतो तुमच्यापैकी एकजण त्या दिवशी गावी हजर राहा.

पावती घेताना घाई करू नका. माझा सगळ्यात जास्त वेळ लोकांच्या पावत्या निस्तरण्यात गेलाय. पावतीवर बोअर, नंबर, असेल ते छाप, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची स्थिती एवढं यायला हवं. नंबर स्वतः वाचा. गंज भरलेला ३ हा ८ दिसतो, १ चा ७ होतो. परवान्यावर एक नंबर, शस्त्रावर दुसरा असं झालं की ते कागदोपत्री दुसरंच शस्त्र ठरतं. वडिलांचं गेलं कुठे आणि हे आलं कुठून, असे दोन प्रश्न एकदम उभे राहतात. माझ्या एका गिऱ्हाइकाने केवळ एका आकड्यापायी सव्वा वर्ष खेटे घातले. तफावत दिसली तर तिथेच पंचनाम्यात नोंदवायला लावा: ‘परवान्यावर अमुक, शस्त्रावर गंजामुळे तमुक असे दिसते.’

बोअरही नीट बघून घ्यायला सांगा. तुम्ही बत्तीस लिहिलंय, ते बहुधा परवान्यावरून. तसं असेल तर ठीक. पण त्याच घडणीची, तशीच दिसणारी रिव्हॉल्व्हरं अडतीसमध्येही होती. लष्कर आणि पोलिसांचं काडतूस ज्यात बसतं ते सगळं आपल्याकडे निषिद्ध बोअर: रिव्हॉल्व्हरांत अडतीस आणि चारशे पंचावन्न, पिस्तुलांत नऊ एमएम आणि पंचेचाळीस. सरकारी गोळी खासगी हातात जाऊ नये, हा हेतू. त्याचे परवाने जिल्ह्यात होत नाहीत, थेट दिल्लीत गृह मंत्रालयाकडे. शिक्षेचं कलमही वेगळं आणि कडक. आपल्याकडे जो तो बत्तीस बोअर घेऊन फिरतो तो त्याच्या गुणांमुळे नाही, कायद्यामुळे.

आता भावाच्या दोन-चार लाखांकडे येऊ, कारण मला वाटतं घरातलं खरं भांडण तिथेच लागणार.

नळीवर ‘इंग्लिश’ दिसतंय म्हणता. पंचनाम्याच्या वेळी भिंगातून बघायला सांगा. माझा अंदाज आहे की त्याच्या आधी ‘नॉट’ आणि नंतर ‘मेक’ निघेल. नॉट इंग्लिश मेक! लंडन आणि बर्मिंगहॅमच्या शस्त्रचाचणी घरांत १९२५ ते १९५५ या काळात परदेशी बनावटीच्या शस्त्रांवर हा शिक्का मारला जाई, इंग्रजी मालाशी गल्लत होऊ नये म्हणून. आणि आपल्याकडे नेमकी तीच गल्लत होते. तीन शब्दांतला मधला तेवढा वाचला जातो. तो शिक्का दाखवून ‘हे विलायती आहे’ असं अभिमानाने सांगणारे निदान पंधरा-वीस जण माझ्या काउंटरवर येऊन गेले असतील. ‘नॉट’वर बोट ठेवून दाखवायला मला प्रत्येक वेळी जड जायचं. कोणाच्या तरी आजोबांची अब्रू उतरवल्यासारखं वाटायचं.

तो माल बहुतेक स्पेनच्या बास्क भागातल्या एइबार गावचा, काही बेल्जियममधल्या लिएजचा. लिएजचा असेल तर लंबगोलात ‘ई एल जी’ अशी अक्षरं दिसतील. एइबारमध्ये पहिल्या महायुद्धाआधीपासून घरोघरी कारखाने होते. कोणी नळी करी, कोणी मूठ, कोणी नुसते स्क्रू, आणि स्मिथ अँड वेसन किंवा कोल्ट या नामांकित अमेरिकन कंपन्यांच्या मालाची हुबेहूब नक्कल बाहेर पडे. नळीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, ‘स्मिथ अँड वेसनच्या काडतुसांसाठी’. ‘काडतुसांसाठी’ बारीक, ‘स्मिथ अँड वेसन’ मोठं. खोटं काही लिहिलेलं नसे, गिऱ्हाईक आपणहून फसे. सगळाच माल टाकाऊ नव्हता, हेही सांगायला हवं. तिथल्याच पिस्तुलांवर फ्रेंच सैन्याने महायुद्धात मोठी भिस्त ठेवली होती. पण स्वस्तातल्या मालाचं पोलाद मऊ असे. ज्या खाचेत घोडा अडकतो ती खाच झिजते, मग अर्धा ओढलेला घोडा आपोआप सुटतो. सिलिंडरचं घर नळीशी बरोबर जुळत नाही, आणि गोळीचं शिसं कापलं जाऊन कडेने बाहेर उडतं. बाजूला उभ्या माणसाच्या गालातून मी तसा शिशाचा कण निघालेला पाहिलाय.

मोडून उघडणाऱ्या, म्हणजे बिजागरीवर नळी खाली वाकवून भरायच्या घडणीत आणखी एक गोम आहे. सगळा दाब वरच्या एका खटक्यावर पेलला जातो. तो सैल झालेला असतो, आणि नेमका त्यातच लोक पिस्तुलाचं काडतूस भरतात. बत्तीस नावाची काडतुसं एकच नव्हेत. रिव्हॉल्व्हरचं लाँग काडतूस १८९६ च्या सुमाराचं, कमी दाबाचं. पिस्तुलाचं बत्तीस त्यापेक्षा आखूड, पण दाब बराच जास्त, म्हणजे रिव्हॉल्व्हरचा पंधरा धरला तर पिस्तुलाचा वीस अशा हिशेबात. ते रिव्हॉल्व्हरच्या घरात सरकतं, बसतंही. ‘बसलं म्हणजे चालतं’ ही समजूत बोटांवर बेतते. तुमच्या अकरांत दोन्ही प्रकार मिसळलेले असतील तर मला नवल वाटणार नाही. त्या काळी लोक जे मिळेल ते घेत.

मग किंमत? आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात बंद आहे. त्यामुळे चांगलं जुनं विलायती शस्त्र इथे मूळ देशापेक्षा कितीतरी महाग विकलं जातं. भावाने ऐकलेले लाखांचे आकडे खोटे नाहीत. पण ते अस्सल इंग्रजी वेब्ली-स्कॉटचे किंवा अस्सल कोल्टचे, तेही नंबर जुळणारे, निळाई (पोलादावरची निळसर झिलई) शाबूत असलेले. कानपूरच्या कारखान्याचं नवंकोरं ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर २०१४ मध्ये आलं तेव्हा १,२२,३६० रुपयांना होतं. ज्याला परवाना मिळालाय तो माणूस हमीचं नवं सोडून खिळखिळं स्पॅनिश का घेईल? मी दुकानात असताना अशी शस्त्रं विकत घ्यायचं बंद केलं होतं. ठेव म्हणून ठेवायचो, पण तिथेही लोक फसतात. दरमहा ठेवणावळ चढते, चार वर्षांनी भाडं शस्त्राच्या किमतीला ओलांडून जातं आणि वारस फोन उचलायचे बंद होतात.

तरीही घरातल्या कोणाला ते हवंच असेल, तर वाट आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसाला परवाना देण्याची स्वतंत्र तरतूद आहे. (हयातीतही जमतं: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा त्याच्याकडे शस्त्राला पंचवीस वर्षं झाली, यातलं जे आधी होईल तेव्हा तो वारसाकडे देऊ शकतो. वडिलांनी हे केलं असतं तर आजचा प्रश्नच आला नसता. वाचणाऱ्यांपैकी ज्यांचे आजोबा धडधाकट आहेत त्यांनी लक्षात ठेवावं.) अर्ज ए-१ नमुन्यात. तो तुम्ही जिथे राहता तिथे करायचा: तुमच्यासाठी पुण्याचं पोलिस आयुक्तालय, आई करणार असेल तर साताऱ्याचं जिल्हाधिकारी कार्यालय. बाकीच्या वारसांची ना-हरकत प्रतिज्ञापत्रं, वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, पोलिस चौकशी हे सगळं नव्या परवान्यासारखंच. वारस म्हणून हक्काने मिळतो असं नाही, ‘देऊ शकतात’ असं आहे. भावाकडे आधीच दोन शस्त्रं असतील तर विषयच संपला. २०१९ पासून मर्यादा तीनवरून दोनवर आली आणि वारशाने आलेलंही त्या दोनांतच मोजायचं, असं दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय. शिवाय वडिलांच्या पुस्तकावर ‘यूआयएन’, म्हणजे परवानाधारकाचा राष्ट्रीय ओळख क्रमांक, नसणार, कारण ती राष्ट्रीय नोंदणी नंतरची. त्यामुळे जुन्या पुस्तकावर शाई मारून नूतनीकरण होणार नाही, सगळं नव्यानेच करावं लागेल.

परवाना मिळाला की दर पाच वर्षांनी नूतनीकरण, निवडणुकीच्या काळात ठाण्यातून बोलावणं आलं की जमा करा, निकालानंतर सोडवून आणा. पुण्यात फ्लॅटमध्ये दोन लहान मुलं, तुम्ही दिवसभर कामावर. आणि हे सगळं अशा वस्तूसाठी, जी मी स्वतः हातात धरून उडवणार नाही. वेब्ली असतं तर मी तुम्हाला ‘थांबा, विचार करा’ म्हटलं असतं. याच्यासाठी नाही म्हणणार.

विकायचंच म्हटलं तर परवानाधारक दुकानदाराला किंवा बत्तीस बोअरचा परवाना असलेल्या माणसाला. माणसाला विकताना आधी जिल्हादंडाधिकारी किंवा ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर निदान पंचेचाळीस दिवस थांबायचं. दोन महिने खटपट करून कोणी घेणारं भेटलं नाही, तर सरळ शासनजमा करण्याचा अर्ज द्या. ठाण्यात नुसतं ठेवून विसरू नका. ठरलेल्या मुदतीत परतही नेलं नाही, विकलंही नाही, तर ते शेवटी सरकारजमाच होतं, पण तोवर तुमच्या पत्त्यावर नोटिसा येत राहतात आणि त्या आईच्या हातात पडतात. पोलिसांचं पत्र दारात आलं की गावात काय चर्चा होते ते तुम्हाला माहीत आहे. आणि जमा करण्याआधी रिव्हॉल्व्हरचा फोटो काढून भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. असा एक फोटो फिरत फिरत ठाण्यात पोचलेला मी पाहिलाय, अर्ज पोचण्याच्या आधी.

राहिली आईची इच्छा. चामड्याच्या कव्हराला परवाना लागत नाही. परवान्याचं पुस्तक मूळ स्वरूपात जमा करावं लागलं, तर आधी वडिलांचा फोटो असलेल्या पानाची चांगली रंगीत प्रत काढून ठेवा. कव्हर दोन दिवस उन्हात नको, सावलीत वाळवा, बुरशी मऊ फडक्याने पुसा आणि थोडं गोडं तेल चोळा. खंडेनवमीला पाटावर कोयता, विळा आणि नांगराच्या फाळाशेजारी ते कव्हर आणि तो फोटो ठेवून आईला हळदकुंकू वाहू द्या.